पहिला पेला

श्रमाला फळ येते, हे खरे. परंतु ते ज्यांच्यासाठी इच्छिले, ते तोवर थांबतातच असे नाही.

अमेरिकेतील एका कोरड्या माळावर एब्नरने गावासाठी विहीर खणावयास घेतली आणि पाणी लागल्याशिवाय वर न येण्याची प्रतिज्ञा केली. पत्नी लेटी रहाटाने माती वर ओढी, भाकरी खाली सोडी.

तिसऱ्या महिन्यात रेल्वे दुरून जाणार असे ठरले आणि सारे गाव तिच्यामागे निघून गेले. हे कळले तर कुदळीबरोबर एब्नरचा प्राणही थांबेल, या भयाने लेटी गप्प राहिली.

"वर एवढी शांतता का गं?" खालून हाक आली.

"तुझ्या बढाया ऐकून सगळे झोपले!" ओस घरांकडे पाहत ती ओरडली. खालून हसू आले, मग कुदळीचा घाव.

वर्षाने आरोळी उठली, "लेटी, पाणी! गावच्या पोरांना बोलाव. पहिला पेला त्यांचा!"

भरला पेला घेऊन एब्नर वर आला, दारोदार फिरला. "कधी गेले?"

"तिसऱ्या महिन्यात."

पेला हातातून सुटला. ते पाणी कोरड्या मातीने क्षणात पिऊन टाकले.

त्या विहिरीवर ज्यांची तहान भागेल, त्यांचे आशीर्वाद या दोघांना लाभोत.