सव्वा तासाचं हैदराबाद

हैदराबादेत भाच्याचं बारसं आत्याविनाच उरकलं. पण मारेगावच्या कोकिळाच्या लेखी ते झालंच नाही. भाऊ म्हणाला होता, "ताई, नागपूरहून विमानानं सव्वा तास! काहून घाबरून राह्यली?" हैदराबाद दक्षिणेला, म्हणून बारशाच्या दिवशी ती पहाटे उत्तरेला नागपूरला निघाली. चार तास खड्डे खाल्ले, तीन तास विमानतळावर बसून काढले. विमान उडालं आणि पंधराव्या मिनिटाला खिडकीखाली मारेगाव आलं. तिनंच पहाटे गच्चीवर टाकलेली चादर पार वाळली होती.

"थू तुमच्या त्या सव्वा तासावर!" ती हवाईसुंदरीवर खेकसली.

परतल्याबरोबर तिनं विमान खात्याला अर्ज धाडला: "सदर विमान आमच्या गच्चीवरून न थांबता जाते. तरी मारेगाव येथे विनंती थांबा मंजूर करावा व तोवर बाळास बिननावाचे समजण्यात यावे."