टॉवेल टाकलेली खुर्ची

सर्व्हरनं तिसऱ्यांदा मान टाकली आणि गजानन कुलथे शरयूवर उखडला.

बाहेर बियाण्याच्या गोदामापुढं ट्रकांची रांग लागली होती. पेरणी तोंडावर, आणि कॉम्प्युटरची पावती निघाल्याशिवाय पोतं हलत नव्हतं. भोकरदनचे दुकानदार फाटकावर शिव्या घालत होते. गजानन कंपनीचा कॉम्प्युटर-प्रमुख. त्यानं सगळं शरयूच्या माथी मारलं. तिचेच प्रोग्राम जड आहेत म्हणे! दुपारपर्यंत गाडं चाललं नाही तर उद्यापासून बदनापूरहून यायची तसदी घेऊ नका, हेही वर सुनावलं.

शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभ्यानंच कीबोर्ड बडवत होती. खोलीत खुर्च्या दोनच. एकीवर गजानन. दुसरी मालकांची, काकासाहेबांची, पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल टाकलेली. काकासाहेब यायचे दसऱ्याला, मशीनला हार घालायला, आणि उभ्याउभ्याच परत जायचे. तरी त्या खुर्चीत बसायची कोणाची छाती नव्हती. टॉवेल मात्र न चुकता धुतला जाई.

स्क्रीनवरचा मेमरीचा आकडा पाहून तिचे हात थांबले. गजाननानं गेल्या महिन्यात मोठ्या ऐटीत सर्व्हरची अर्धी मेमरी डेटाबेससाठी राखून ठेवली होती. मेमरीच्या बारक्या तुकड्यांऐवजी, पेजेसऐवजी, मोठी पेजेस, म्हणजे शोधाशोध कमी, काम जलद. विचार चांगलाच होता. पण ती जागा घ्यायची परवानगी डेटाबेसला दिलीच नव्हती. तो बिचारा उरलेल्या अर्ध्यात सगळ्यांबरोबर दाटीवाटीनं कोंबला गेला होता, आणि राखीव अर्धी दुसऱ्या कोणाच्याही कामाची नव्हती. परवानगीचं तिनं तेव्हाच विचारलं होतं. तुम्ही तुमचे प्रोग्राम पाहा, असं उत्तर मिळालं होतं.

"मोठी जागा रिकामी पडून राह्यली, सर," ती म्हणाली. "ज्याच्यासाठी धरली त्यालाच तुम्ही बसू दिलं न्हाई."

गजाननानं आकडा पाहिला. त्याचं तोंड उतरलं. मुकाट्यानं त्यानं आपला पासवर्ड टाकला. शरयूनं परवानगीची एक ओळ लिहिली, डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला. थोड्या वेळानं प्रिंटर खडखडायला लागला. बाहेर पहिला ट्रक हलला.

जिवात जीव आल्यावर गजानन म्हणाला, की दोघांनी मिळून शोधलं असंच वर कळवू. दोघांनी! शरयूनं टॉवेल ओढला, घडी करून त्याच्या टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली.

"अहो, ती काकासाहेबांची हाय."

"ते आले की उठते."