जास्तीची माणसं

नथ्थूची तिरडी उचलणार एवढ्यात समता निरीक्षकानं गल्लीच्या तोंडाशी एक दगड बघून मोटारसायकल थांबवली, दगडावर पाय टेकवून उतरला आणि म्हणाला, थांबा, माणसं जास्त आहेत.

तीनशे बारा होती. त्यानं दोनदा मोजली. नथ्थू भरवेलीच्या खाणीच्या गेटसमोर सायकली दुरुस्त करायचा, बाकी काही नाही. त्याच सकाळी दोन गल्ल्या सोडून सुखराम ठेकेदारही वारला होता. त्याच्या दारात आठ जण होते. त्यातले दोघे पत्ता चुकून आलेले, पण एकदा नोंद झाल्यावर त्यांना हलता येत नव्हतं.

गेल्या महिन्यापासून नियमच होता, मेल्यावर कोणी कोणापेक्षा मोठा नाही. जिवंतपणी कोण मोठा, हे बघणारं कार्यालय वेगळं होतं आणि ते अजून उघडायचं होतं. तिरडी सगळ्यांना साडेपाच फुटी. नथ्थू आखूड पडला म्हणून त्याच्या पायाशी तणशीची पेंढी बांधून माप भरलं होतं. सुखराम लांब, म्हणून त्याचे गुडघे दुमडले होते. रडायचं ते मध्यम आवाजात. शेजारची शांताबाई पहिल्याच हुंदक्याला वरच्या पट्टीत गेली, तर तिला आत नेऊन बसवलं होतं.

एवढी माणसं कशाला जमवली, असं निरीक्षकानं विचारलं.

"जमवली नाई साहेब," म्हातारा पुनाराम म्हणाला. "नथ्थू रस्त्याकडं पाठ करून बसे, तरी सायकलच्या आवाजावरून सांगे का कोन येऊन राह्यला. येकयेकाले वळखे तो..."

"वाक्य," निरीक्षक म्हणाला.

मेलेल्याबद्दल बोलायला एकच वाक्य मंजूर होतं. पुनारामनं ते आठवलं.

"माणूस बरा होता," तो म्हणाला.

निरीक्षकाचं नाव रवी. वय पंचवीस, गळ्यात शिट्टी, काखेत रजिस्टर. त्यानं तिथंच हिशेब केला. तीनशे बारा अधिक आठ, भागिले दोन. दर मयताला एकशे साठ. म्हणजे इथले एकशे बावन्न सुखरामकडे. जो जाणार नाही, तो मरेल तेव्हा त्याच्या मातीला एकही माणूस मिळणार नाही. समतेला एवढा एक अपवाद चालत होता.

तिकडे धाडायची माणसं मोजायला त्यानं तिरडीपासूनच सुरुवात केली, कारण ती जवळ होती. पहिला आला राजू, नथ्थूचा एकुलता एक मुलगा. त्याच्या हातात विस्तवाचं मडकं होतं. मग चारही खांदेकरी. मग बाकीचे.

नथ्थूची बायको शेवंताबाई उंबऱ्यावर बसली होती. ती उठली.

"माह्या पोराले तिकडं नेलं, त याले आग कोन देईन?"

"तिकडून बराबरीचा मुलगा मिळेल, मावशी."

"सुखरामचा पोट्टा पुन्यात हाय."

"व्हिडिओ कॉल चालते. रूलमध्ये बसते."

राजूच्या हातातलं मडकं धुमसत होतं. एकशे बावन्न माणसं हळूहळू बाजूला होऊ लागली, मान खाली घालून. तांदळातल्या खड्याकडे पाहावं तसं शेवंताबाईनं निरीक्षकाकडे पाहिलं.

"दोघं बराबर ना?"

"एकदम बराबर."

"मोक्षधाम येकच ना?"

"हौ."

"मंग रस्ते दोन काहून? सुखरामले इथंच आना. संगं जातीन दोघं."

रवीनं नियमाचं पुस्तक पुढून वाचलं, मागून वाचलं. एका यात्रेत दोन मयतांना मनाई कुठंच नव्हती. याला तीनशे वीस, त्याला तीनशे वीस. एवढी समता त्याच्या नोकरीत आजवर झाली नव्हती. नोकरीला तीन आठवडे झाले होते. त्यानं दोन्ही आकडे लिहिले, खाली रेघ मारली, सही केली.

सुखरामला त्याच्याच पिकअपमधून आणलं. घरच्यांची हरकत नव्हती, फक्त पिकअप लवकर परत हवी होती. राजू मडकं घेऊन पुढं झाला. नथ्थूच्या तिरडीखाली इतके खांदे शिरले, की गल्लीचं वळण येईपर्यंत चार वेळा बदलले.

सुखरामच्या तिरडीची तीन टोकं त्याच्या तीन ड्रायव्हरांनी धरली. तिघेही उंचेपुरे. चौथं टोक जमिनीवर राहिलं. रवीनं शिट्टी मारली. सगळी माणसं आपापल्या चपलांकडे बघू लागली. पुन्हा मारली. पत्ता चुकून आलेले दोघे तेवढ्यात नथ्थूच्या तिरडीमागं लागून वळणाआड गेले.

रवीनं पुस्तक उघडलं. खांद्यांचा नियमच नव्हता. खांदा कमी पडेल, असं कार्यालयात कोणाला वाटलंच नव्हतं.

"साहेब," शेवंताबाई म्हणाली, "तुमी सोताले मोजलं का नाई?"

त्यानं मोजलं नव्हतं.

"द्या इकडं," ती म्हणाली आणि रजिस्टरसाठी हात पुढं केला.

निरीक्षकानं खांदा दिला. तिरडी लगेच त्याच्या अंगावर कलली आणि सुखरामचे दुमडलेले गुडघे त्याच्या कानाला लागले.

"जरा वाकून चाला ना, भाऊ," तो म्हणाला.

ड्रायव्हर समोर बघत चालत राहिले.

"माणूस बरा होता," त्यातला एक म्हणाला.

समता निरीक्षकानं टाचा उचलल्या आणि चवड्यांवर चालू लागला. मोक्षधाम अजून दीड किलोमीटर होतं.