वाचनालयातलं नाव

खात्याच्या परीक्षेसाठी एक जुनं पुस्तक हवं होतं, म्हणून रूपराव स्कूटर काढून जुन्या वस्तीतल्या वाचनालयात आला. कॉलेजात असताना दर रविवारी तो इथंच अभ्यासाला बसायचा. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, रामदासपेठेत बिऱ्हाड थाटलं आणि वस्तीकडे फिरकणंच राहून गेलं.

"तुहं नाव काढून टाकलं," वाचनालय सांभाळणारे देवाजीकाका म्हणाले.

"काहून?"

"टाकलं, बस."

"माह्याकडे ना वर्गणी बाकी, ना पुस्तक. कारण तं सांगा, काका. या वस्तीतला पहिला मॅट्रिक आहो मी."

देवाजीकाकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुही माय दर रविवारी इथं येऊन बसे गा. तुह्या नव्या घरचा पत्ता तिच्यापाशी नाही. म्हणे, पोरगा पुस्तक न्यायले कधी तरी येईनच. मी दार लावेपर्यंत बसून राहे. मले पाहवलं नाही. मग सांगितलं तिले, त्याचं नाव आम्ही काढून टाकलं, आता तो इथं येऊ शकत नाही."

 रूपरावनं हळूच विचारलं, "काय म्हणाली ती?"

"रस्त्यात भेटली का अजून मले शिव्या देते. पोराचा यायचा रस्ता तुम्हीच बंद केला, म्हणते. देऊ दे. तुले तं देत नाही."