वीतभर तोंडाची टाकी

"हिचं तोंड केवढं?" वहिनींनी पाचव्या टाकीपाशीही तेच विचारलं.

विक्रेता मेटाकुटीला आला होता, पण हसरा चेहरा ठेवणं हा त्याच्या नोकरीचाच भाग होता. शिडीवर चढून त्याने टाकीच्या माथ्यावरचं गोल झाकण उघडलं. "ऐसपैस आहे, मॅडम. घासायला माणूस आरामात आत उतरतो."

"पुढची दाखवा."

सकाळपासून गोदामात हेच चाललं होतं. पोलादाच्या टाक्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्या चकचकीत पोटांत वहिनी लांबुडक्या, तर त्यांचे धाकटे दीर फुगलेले दिसत होते. बियर शिजवायचं भांडं दोघांनी दहा मिनिटांत पसंत केलं होतं. गार करायचं यंत्रही ठरलं होतं. घोडं पेंड खात होतं ते आंबवायच्या टाकीपाशी.

भाऊजींची निवड मात्र केव्हाच झाली होती. हजार लिटरची ती उंच टाकी. तिला खाली, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, जाड मुठीचं एक दार होतं. सकाळपासून तीनदा येऊन त्यांनी ते उघडून मिटून पाहिलं होतं. आता चौथ्यांदा उघडलं.

"वहिनी, ही बघा ना. कोणी आत पडलं तर इथून ओढून काढता येतं."

"अहो, पडेल कशाला कोणी?" विक्रेता म्हणाला. "आतच फवारे आहेत. टाकी आपली आपण धुऊन निघते. उतरायची गरजच पडत नाही."

"गरज नसते ना, म्हणूनच माणूस कोणाला न सांगता उतरतो," वहिनी म्हणाल्या. "पाच मिनिटांसाठी."

विक्रेत्याने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि शिडी उचलून पुढच्या टाकीला लावली.

वहिनींचा नवरा असाच उतरला होता, तळाला चिकटलेला थर खरवडायला. टाकी रिकामी होती. पण बियर आंबताना सुटलेला जड वायू तळाशी साचून होता आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्यात श्वास कोंडून नवरा कोसळला. भाऊजी धावले, त्यांनी काठावरून एक पाय आत टाकला, तेवढ्यात वहिनींनी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांनी कोपर मारलं. तरी वहिनींनी सोडलं नाही. सोडलं असतं तर दोघंही गेले असते, हे नंतर सगळ्यांनी भाऊजींना समजावलं. त्यांना ते पटलंही. पण या गोष्टीला वर्ष होऊन गेलं होतं आणि अजून त्यांनी वहिनींच्या नजरेला नजर दिली नव्हती. धंदा पुन्हा सुरू करायचा हेसुद्धा भिंतीकडे बघत ठरलं होतं. दोघांना दुसरं काही येत नव्हतं.

गोदामाच्या टोकाला, खोक्यांच्या आड, मांडीएवढ्या उंचीच्या छोट्या टाक्या होत्या. वहिनी तिथे जाऊन थांबल्या. एकीचं झाकण त्यांनी स्वतःच काढलं. तोंड जेमतेम वीतभर रुंद. त्यांनी आत हात घातला, मग खांदा घालून पाहिला. खांदा अडला. त्यांनी जोर लावला, तिरकं होऊन पाहिलं. नाहीच गेला.

"ही," त्या म्हणाल्या. "अशा दहा द्या."

"मॅडम, या हौशी लोकांच्या." विक्रेत्याला हसू आवरलं नाही. "एका टाकीतली बियर तुमच्या कामगारांनाच पुरेल."

"मग कामगार कमी ठेवू."

"वहिनी, दहा टाक्या दहादा भरायच्या, दहादा घासायच्या," भाऊजी म्हणाले. "जीव जाईल आपला." शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी जीभ चावली. मग त्या उंच टाकीकडे बोट करून हळूच म्हणाले, "त्या दिवशी असं दार असतं, तर मी दादाला बाहेर काढलं असतं."

"काढलं असतंत."

"मग तीच का नको?"

"कारण दार असलं की तुम्ही आत जाल, भाऊजी." वहिनींचा आवाज फाटला, पण त्या थांबल्या नाहीत. "मी ओळखते तुम्हाला. कामगार पडला तरी जाल, झाडू पडला तरी जाल. आणि दर वेळी मी मागे असेनच असं नाही. एक गेलाय, तो सोसतेय. दुसरा नाही सोसवणार मला."

विक्रेता खोक्यावरची धूळ झटकत दूर सरकला.

भाऊजींनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाही वर सारली आणि त्या बुटक्या टाकीपाशी गुडघे टेकले. हात आत गेला. कोपर गेलं. दंड गेला. खांदा काठाला अडला तसा त्यांनी गाल पोलादाला टेकवला आणि आतल्या आत बोटं ताणली.

ते वाकले तेव्हाच वहिनींच्या हाताने मागून त्यांचा शर्ट घट्ट धरला होता. ते वहिनींच्याही उशिरा ध्यानात आलं. भाऊजींना मात्र ओढ लगेच कळली होती. त्यांनी मान वळवली आणि वर, सरळ वहिनींकडे पाहिलं. भाऊजींचे डोळे भरून आले होते. हात अजून आतच होता.

"तळाला हात पोचतो, वहिनी," ते म्हणाले. "बाहेरूनच पोचतो."