दोन टोप्या

स्टेशनजवळच्या त्या सराईचा कायदा कडक होता, एका खोलीत दोनच पोरं. पाचोडच्या फकिराला होती चार. त्यानं धाकटी दोघं गोधड्यांच्या गाठोड्यात घालून आत नेली.

मग सुरू झाली टोप्यांची अदलाबदल. थोरले दोघं अंगणातून खेळून आले, की त्यांच्याच टोप्या घालून धाकटे बाहेर पळायचे.

दुसऱ्या दिवशी सराईवाल्या मोहियोद्दीनचाचांनी विचारलं, "फकिराभाऊ, तुमची पोरं सकाळी उंच असतात, दुपारी बुटकी कशी होतात?"

"उन्हानं व्हतं तसं, चाचा!"

दाराआड त्याच्या बायकोनं, आवडाबाईनं, तोंडात पदर कोंबला.

तिसऱ्या दिवशी निघताना फकिरानं पुन्हा तेच गाठोडं खांद्यावर घेतलं. दारातच चाचा आडवे आले. फकिरानं गाठोडं पाठीमागं सरकवलं. चाचांनी आवडाबाईच्या हातात नक्षीदार हिमरू कापडाच्या दोन नव्याकोऱ्या, इवल्याशा टोप्या ठेवल्या.

"आमच्या घरच्यांनी शिवल्यात. ऊन लई आहे, रस्त्यात गाठोडं सोडाल तेव्हा लागतील."

फकिरानं हात जोडले. गाठोडं मात्र खुदकन हसलं.