वायर काढून बघ

रुग्णालयातल्या तपासण्यांचे निकाल डॉक्टरांच्या फोनवर पाठवणारं सॉफ्टवेअरचं पॅकेज त्याने स्वतःच्या संगणकावर बनवलं होतं. आज ते मुख्य सर्व्हरवर चढलं आणि सुरळीत चाललं. संगणक बंद करून तो बहिणीच्या लग्नाला निघणार, तोच सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंनी त्याच्या संगणकाची नेटवर्कची वायर काढून घेतली. ताई स्वतःच्या सावलीवरही संशय घेतात, असं सगळे म्हणतच. “मी काय चोरून नेतोय, ताई?” “ते कळेलच. सर्व्हरवर पुन्हा चालव.” पॅकेज सुरू झालं आणि अडलं. डॉक्टरांचे नंबर ते अजून त्याच्याच संगणकावरून वाचत होतं. तो लग्नात नाचत असता आणि इथे निकाल अडकले असते. त्याने नंबर सर्व्हरवर हलवले, पॅकेज चाललं. ताईंनी वायर परत दिली. “सोमवारी माझं पॅकेज चढेल. तेव्हा माझी वायर तू काढ. मी चिडले तरी काढ.”